कारणाचा शिक्का

मॅडमनी शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला, अर्जाच्या खालच्या रकान्यात ठोकला आणि मग विचारलं, "मुलीचं वय काय?"

म्हणजे आधी निकाल, मग सुनावणी.

"सात पूर्ण," थोरली म्हणाली.

तपासणी केंद्राची खोली लांबट होती. एकच खिडकी, तीही रंग सुकून घट्ट बसलेली. भिंतीला लागून बाक, बाकावर आया, आयांच्या मांडीवर नाहीतर पायाशी मुलं. काही मुलं आईपेक्षा उंच झालेली, तरी आईचं बोट सोडत नव्हती. थोरली सकाळी सातपासून रांगेत होती. मांडीवर तिची मुलगी मुंगी, शेजारी सासूबाई, आणि पोटात पाचव्या महिन्याचं.

तिला आज दोन गोष्टी हव्या होत्या. एक, दाखला. तो मिळाला की मुंगीला विशेष शाळेत जागा मिळणार होती. दुसरी गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. मुंगी अशी का झाली, हे तिला कळायला हवं होतं. मुंगीचं जे गेलं ते गेलं, एवढी समज तिला होती. पण पोटातल्याचं अजून काहीच गेलं नव्हतं.

"आईचं शिक्षण?"

"चौथी."

मॅडमनी चौकटीत खूण केली.

"गरोदरपणात तपासणीला किती वेळा गेलीस?"

"एकदा."

"एकदाच?"

"दवाखाना लांब आहे. गेलं की दिवस बुडतो."

खूण.

"बाळंतपण कुठं झालं?"

"घरीच. गाडी मिळाली नाही."

खूण.

"जन्मताना वजन?"

"कोणी केलं नाही. सुईण म्हणाली, हलकी आहे."

"लगेच रडली?"

"थोड्या वेळानं."

खूण, आणखी एक खूण.

प्रश्न खोटे नव्हते, उत्तरंही खोटी नव्हती. पण मॅडम अशा विचारत होत्या, जसा चोराच्या घरातला माल एकेक करून टेबलावर काढावा. दवाखाना लांब होता, तो काय थोरलीनं उचलून लांब नेऊन ठेवला होता? गाडी आली नाही, ती काय तिनं खाटेखाली लपवली होती? शाळा चौथीनंतर सुटली ती लहान भावंडं सांभाळायला, तेव्हा तिला कोणी विचारलं होतं? पण खुणा सगळ्या तिच्याच नावावर चढत होत्या.

"घरात आणखी कोणी आहे का असं?"

थोरली काही बोलायच्या आत सासूबाई बोलल्या. "माझा धाकटा आहे. सव्वीस वर्षांचा. मनानं सोनं आहे हो, पण हिशेब, बोलणं, तसं काही जमत नाही त्याला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "झालं तर मग. रक्तातच आहे."

सासूबाईंची मान खाली गेली. ती सव्वीस वर्षं अशीच जात आली होती.

थोरलीनं पुढं वाकून कागद बघितला. जांभळ्या शाईतली अक्षरं तिनं जुळवून वाचली. "मॅडम, कारण म्हणून तुम्ही हे 'कौटुंबिक पार्श्वभूमी' छापलंय. पण ते तर काही विचारायच्या आधीच छापलंत."

मागच्या बाकावर कोणीतरी हसू दाबलं.

मॅडम चिडल्या नाहीत. माणूस म्हणून वाईट नव्हत्याच त्या. दमलेल्या होत्या, मनगटाला पट्टा बांधलेला होता. "अगं, तुमच्या एकाच गल्लीतून इतकी मुलं येतात, लिहून लिहून बोटं मोडली माझी. शेवटी शिक्काच करून घेतला, तोही पदरमोड करून. तुमच्या गल्लीचे कागद आता पटकन उरकतात. उलट आभार माना."

"मग पोटातल्याचं काय?"

मॅडमनी तिच्या पोटाकडं बघितलं, नजर काढून घेतली. "रक्तातलं कोणाला चुकलंय? आधी विचार करायचा होता. डॉक्टरांची सही झाली की महिन्यानं दाखला न्या. चला, पुढचे."

---

बसमध्ये सासूबाई म्हणाल्या, "सांगितलं होतं ना, जास्त बोलू नकोस म्हणून."

"बोलले म्हणून तर काहीतरी कळलं, आई."

"काय कळलं?"

"ते अजून नीट सांगता येत नाही."

थोरलीला सगळे थोरली म्हणत, कारण ती घरातली मोठी सून. धाकटी सून कधी आलीच नाही, कारण धाकट्या दिराला, राजाला, मुलगी देणार कोण? तर धाकटी नसलेल्या घरात ही थोरली. गल्लीतले यावर हसायचे, तीही हसायची. आज मात्र ती गप्प होती. मॅडमचं एक वाक्य तिच्या डोक्यात दाताच्या फटीत अडकलेल्या काडीसारखं बसलं होतं. शिक्काच करून घेतला. एवढं मोठं शहर, इतक्या गरीब वस्त्या. अर्धपोटी माणसं काय फक्त आपल्याच गल्लीत राहतात? मग शिक्का आपल्याच गल्लीसाठी का?

गल्ली बंदराच्या मागं होती. एकेका खोलीची सतरा घरं, मधून उघडं गटार, टोकाला नळ. पुरुष बंदरावर माल चढवायचे. बायका घरी शिसं ओतायच्या.

मासेमारीच्या जाळ्याला खालून वजनं लागतात, म्हणजे जाळं पाण्यात बुडतं. ती शिशाची वजनं या गल्लीत तयार व्हायची. सोमवारी काटेवाला यायचा. त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. खांद्याला कायम तराजू, म्हणून काटेवाला. तो प्रत्येक घराला जुनं शिसं तोलून द्यायचा: नळाचे तुकडे, फोडलेल्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या, काय मिळेल ते. शनिवारी वजनं तोलून परत न्यायचा.

ओतायचं ते घरातल्याच शेगडीवर. सकाळी तिच्यावर जेवण, दुपारी तिच्यावर शिसं. कढई वेगळी होती, तेवढी अक्कल सगळ्यांना होती. पण शेगडी एक, खोली एक, हवा एक. कढईत शिसं वितळलं की वर मळीची राखाडी साय धरायची. ती पळीनं काढून दाराबाहेर टाकायची आणि खालचं चकचकीत पाणी लोखंडी साच्यात ओतायचं. साचा उघडून वजनं पाडायचं काम राजाचं. टक, टक. प्रत्येक वेळी तो हसायचा, जसं काही पहिल्यांदाच पडतंय.

ओतताना शिंतोडे उडायचे. ते जमिनीवर पडून गोल कण व्हायचे आणि चकाकत घरंगळत जायचे, शेगडीखाली, खाटेखाली, भांड्यांच्या मागं. आणि काटेवाला तर ग्रॅमाग्रॅमाला भांडायचा. दिलं तेवढं आलं नाही की घट, आणि घट मजुरीतून कापली जायची. म्हणून गल्लीतल्या बायका कण वेचायच्या. रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून, जमीन हातानं चाचपत. वेचलेलं सगळं एका बिस्किटाच्या डब्यात.

मुंगी नऊ महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. नुकती रांगायला लागली होती. एका संध्याकाळी थोरलीला दिसलं, पोरगी खाटेखाली शिरून दोन बोटांत कण पकडतेय. मोठ्या माणसाची बोटं जिथं जात नाहीत, तिथं तिची जात होती. थोरलीनं डबा पुढं केला. पोरीनं कण त्यात टाकला, खण्ण वाजलं, पोरगी खुदकन हसली. शेजारणी बघायला आल्या. "बाई बाई, काय हुशार आहे. मुंगीसारखी वेचते." तेव्हापासून ती मुंगी. थोरलीच्या अंगावर तेव्हा मूठभर मांस चढलं होतं. मग तिनं रोज डबा पुढं करायला सुरुवात केली. शाबासकी द्यायची, पोरगी वेचायची. काही कण डब्यात गेले. काही तोंडात. किती गेले ते कोणी मोजलं नाही. वजन करणारा होता, पण तो डब्याचं करायचा.

दोन वर्षांची झाली तेव्हा मुंगीला चार शब्द येत होते. आता सात वर्षांची होती आणि शब्द नऊ होते.

---

शनिवारी काटेवाला आला. दारातच तराजू टांगला, वजनं तोलली, डबा उपडा करून तोलला.

"मावशी, पाऊणशे ग्रॅम कमी आहे," तो सासूबाईंना म्हणाला.

"धूर होतो, मळी निघते, थोडं जाणारच ना रे."

"मळी धरूनच सांगतोय. दर आठवड्याला कमी. जातं कुठं एवढं शिसं? खाता की काय?"

हा त्याचा नेहमीचा विनोद होता. प्रत्येक दारात करायचा, प्रत्येक दारात लोक हसायचे, कारण तराजू त्याच्या हातात होता. सासूबाई हसल्या. राजा मोठ्यानं हसला. थोरलीही हसायला गेली आणि मधेच थांबली. मुंगी उंबऱ्यात बसली होती. हाताला शेगडीची राख, आणि ते बोट तोंडात.

काटेवाला पुढच्या दारात गेला तशी थोरली शेजारी शिंपीणकाकूकडं गेली.

काकू मशीनवर होती. डोळे शिलाईवर, तोंड मोकळं. "ये. काय म्हणतो तुझा काटेवाला?"

"काकू, तुम्ही शिसं का नाही घेत घरात?"

"कापडाला काळं लागतं गं. एकदा आणलं होतं ह्यांनी. गिऱ्हाइकाचा पांढराशुभ्र शर्ट नासला. मी सांगितलं, या घरात एक तर शिसं राहील नाहीतर मी."

"मग?"

"मग काय. बराच वेळ विचार करत बसला होता मेला."

थोरली हसली. काकूला चेव आला. "आणि पोरं बघ माझी. तिन्ही तरतरीत. मधली तर इतकी बोलते, इतकी बोलते, की वाटतं हिला थोडं शिसं पाजावं म्हणजे गप्प..."

मशीन थांबलं.

काकूनं थोरलीकडं बघितलं. "तोंडाला येईल ते बोलते मी. मनाला लावून घेऊ नकोस."

"लावून नाही घेत. खडू द्या जरा."

कापड बेतायच्या फळीवर थोरलीनं दोन रेघा मारल्या. एका बाजूला ओतणारी घरं, दुसऱ्या बाजूला न ओतणारी. काकूला गल्लीतल्या प्रत्येक पोराचं माप पाठ होतं, कोणाचं कसं चाललंय तेही. ओतणारी घरं अकरा. त्यातल्या नऊ घरांत एक तरी मूल असं, की जे शाळेत टिकलं नाही, उशिरा बोललं, किंवा बोललंच नाही. न ओतणारी सहा. त्यात असं एकच मूल, आणि ते तान्हेपणी मेंदूत ताप गेला म्हणून. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

"काकू, तुमचं शिक्षण किती?"

"अंगठा."

"बाळंतपणं?"

"तिन्ही याच खोलीत. तिसरीच्या वेळी तर सुईणही नव्हती, ही तुझी सासू होती."

म्हणजे मॅडमच्या जवळजवळ सगळ्या खुणा काकूलाही लागत होत्या. तोच नळ, तोच लांबचा दवाखाना, तीच अर्धी भाकरी. फरक एकच होता, आणि तो काकूनं मुलांसाठी केला नव्हता. शर्टासाठी केला होता.

---

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान होती. पोट तपासताना तिनं नेहमीचं विचारलं, काय खातेस, गोळ्या घेतेस का, चक्कर येते का. थोरली म्हणाली, "डॉक्टर, घरात शिसं वितळवलं तर काही होतं का?"

डॉक्टरणीचा हात थांबला. "घरात म्हणजे कुठं?"

"शेगडीवर."

"कुठल्या शेगडीवर?"

"आमच्या. एकच आहे."

डॉक्टरणीनं मुंगीला जवळ बोलावलं, ओठ वर करून हिरड्या बघितल्या. मग थोरलीच्या. शिशाची निळसर रेघ हिरडीवर उमटते, म्हणाली. दोघींचं रक्त काढलं, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावं लागेल म्हणाली, दोन आठवडे लागतील. "तोवर शेगडीपासून लांब राहा."

एका खोलीच्या घरात शेगडीपासून लांब म्हणजे कुठं, हे तिला विचारायचं होतं. नाही विचारलं. दोन आठवडे ती मुंगीला घेऊन काकूच्या मशीनखाली बसली आणि काजं करून दिली.

निकाल आला तेव्हा डॉक्टरणीनं कागद तिच्याकडं वळवला. "मुलांच्या रक्तात शिसं अजिबात असू नये. आकडा पाच आला तरी आम्ही धावाधाव करतो. मुंगीचा एकतीस आहे. तुझा तेवीस."

"म्हणजे मुंगी शिशानं अशी झाली?"

"फक्त शिशानं, असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. ती हलकी जन्मली, उशिरा रडली, त्याचाही भाग असेल. पण शिसं लहान मुलाचा मेंदू खातं, हे नक्की. आणि अंगात रक्त कमी असलं, पोट रिकामं असलं, की शरीर ते जास्त शोषून घेतं."

म्हणजे ज्याला खायला कमी, त्यालाच ते जास्त लागतं. वा रे न्याय. थोरलीला वाटलं, हे जर कोणा माणसानं केलं असतं, तर त्याला भर चौकात जाब विचारला असता. मग तिच्या लक्षात आलं की हे माणसांनीच केलंय.

"आणि हे?" तिनं पोटावर हात ठेवला.

"तुझ्या हाडांत साठलेलं थोडं त्याच्याकडं जातच राहील. म्हणून लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. पण नवीन जाणं आज थांबवलंस तर खूप फरक पडतो. खूप. आजपासून म्हणतेय मी, पुढच्या महिन्यापासून नाही."

"मी तिला वेचायला शिकवलं, डॉक्टर," थोरली म्हणाली. "डबा मी पुढं करत होते."

डॉक्टरणीनं विचारलं, "तुला कोणी सांगितलं होतं का, की हे विष आहे?"

"नाही."

"ज्यानं आणून दिलं त्यानं?"

---

घरी आली तर शेगडीवर कढई होती. तिनं चिमट्यानं कढई उचलून दाराबाहेर ठेवली आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

"वेड लागलं का?" सासूबाई उठल्या. "अर्धा घाणा व्हायचाय."

थोरलीनं सगळं सांगितलं. आकडे सांगितले. तिचा नवरा नुकताच बंदरावरून आला होता, तो भिंतीला टेकून ऐकत होता.

"खायचं काय मग?" तो म्हणाला. रागानं नव्हे, खरंच विचारत होता.

"आतापर्यंत खात होतो तेच. शिसं सोडून."

"काहीतरीच," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांना काय, तोंड उचलून बोलायचं. मी तीस वर्षं ओतलं. हा माझा मुलगा समोर उभा आहे, पोती उचलतो, हिशेब चोख. याला का नाही झालं?"

"आई, हे जन्मले तेव्हा तुम्ही शिसं ओतत होता?"

सासूबाईंनी बोटांवर वर्षं मोजायला घेतली.

"मी लहान असताना तू जाळी विणायचीस," नवरा हळूच म्हणाला. "मी दोऱ्याच्या रिळाशी खेळायचो. आठवतंय मला. शिसं मी शाळेत जायला लागल्यावर आलं."

"आणि राजा?" थोरलीनं विचारलं.

कोपऱ्यात राजा रिकामा साचा उघडझाप करत होता. टक, टक. नाव ऐकून हसला.

सासूबाई खाटेवर बसल्या. "एका हातात पळी," त्या म्हणाल्या, "आणि दुसऱ्या हातावर हा, दूध पीत. थंडी होती. शेगडीपाशी ऊब मिळायची त्याला." मग म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मला वाटत होतं, माझ्या पोटातच खोट आहे. सासरच्यांनी बोलून घेतलं, माहेरच्यांनी बोलून घेतलं. मी मान खाली घालून ऐकलं. त्या मॅडमचंही ऐकलं."

सासूबाईंनी जन्मात कोणाला शिवी दिली नव्हती. त्या दिवशी दिली. कोणाला दिली ते कळलं नाही, पण ती लांबलचक होती आणि कोणी मधे बोललं नाही.

शनिवारी काटेवाला आला तेव्हा दारात साचा, कढई, पळी आणि डबा ओळीनं मांडलेलं होतं.

"हे काय मावशी, दुकान बंद?"

"तोल."

त्यानं तोललं. सवयीनं म्हणाला, "कमी आहे. आणि शेवटचा हिशेब असेल तर घट..."

"तूच विचारायचास ना, खाता की काय म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "हो. खाल्लं. माझ्या राजानं खाल्लं, नातीनं खाल्लं. तुझं कमी पडलेलं सगळं या घरातच आहे. काढून नेता येत असेल तर ने."

"मावशी, मी काय कोणावर जबरदस्ती केली? मलाही वरून माल येतो."

"आलेला माल तू ठेवतोस कुठं?" थोरलीनं विचारलं.

"गोदामात. वस्तीच्या बाहेर."

"घरात का नाही ठेवत? भाडं वाचेल."

काटेवाला तराजूच्या साखळ्या गुंडाळायला लागला. बराच वेळ गुंडाळत होता.

"पोरं लहान आहेत ना," तो म्हणाला. "बायको नको म्हणते."

बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी हे ऐकलं. त्यातल्या दोघींनी त्या आठवड्यात शेगड्या विझवल्या. बाकीच्यांनी नाही विझवल्या. त्यांना दोष कोण देणार, संध्याकाळी ताटात काहीतरी लागतं. थोरलीच्या घरीही ताट आधीपेक्षा रिकामं झालं होतं. नवरा दुपारची जादा पाळी करायचा, ती काकूकडं काजं आणि गुंड्या करायची. जमीन तिनं चार वेळा धुतली. पाचव्या वेळी भांड्यांच्या मागं एक कण सापडला. तो तिनं मुंगीच्या हाताला लागू दिला नाही.

---

महिन्यानं दाखला घ्यायला सासूबाई स्वतःहून आल्या. राजालाही आणलं.

मॅडमनी दाखला काढला. जांभळा शिक्का तसाच होता.

"हे बदला," थोरलीनं डॉक्टरणीची चिठ्ठी पुढं ठेवली.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. "यासाठी अर्जात चौकट नाही."

"चौकट नाही, पण मुलगी आहे," सासूबाई म्हणाल्या. मान खाली नव्हती.

"अहो आजी, दाखला मिळतोय ना? शाळा मिळतेय ना? कारण काहीही असलं तरी तुम्हाला काय फरक पडतो?"

"फरक पडतो," थोरली म्हणाली. "रक्तात आहे म्हटलं की माणूस गप्प बसतो, मॅडम. शेगडीत आहे म्हटलं की विझवतो. मी तुमचं ऐकून गप्प बसले असते तर हे पोटातलंही तुमच्यासमोर येऊन बसलं असतं. तुम्ही त्याच्यावरही आधीच शिक्का मारला असता."

मॅडम राजाकडं बघत होत्या. तो शाईची गादी उघडझाप करत होता आणि हसत होता. त्यांनी मनगटाचा पट्टा सैल केला, पेन घेतलं, शिक्क्यावर आडवी रेघ मारली. खाली बारीक अक्षरात लिहिलं: घरातील शिसेकामामुळे विषबाधा. जागा पुरली नाही, उरलेलं समासात लिहिलं. सही केली.

"झालं? पुढचे."

मागून एक बाई पुढं सरकली. त्याच गल्लीतली, नळाच्या टोकाची. कडेवर वर्षाचं मूल, मान एका बाजूला कललेली. मॅडमनी नवा अर्ज ओढला. त्यांचा हात, नेहमीच्या वाटेनं जावा तसा, शिक्क्याकडं गेला.

थोरलीनं राजाच्या हातातल्या उघड्या गादीवर आपला तळहात ठेवला. सगळा पंजा जांभळा झाला.

"आधी विचारा," ती म्हणाली.

मॅडमनी शिक्क्यावरचा हात काढला. थोरलीकडं बघितलं, मग त्या बाईकडं.

"घरात काय काम चालतं?"

"शिसं ओततो," बाई म्हणाली. सगळ्यांकडं आळीपाळीनं बघून तिनं मूल छातीशी धरलं. "का?"

सासूबाई बाकावर सरकल्या. थोरली त्या बाईच्या शेजारी बसली, आणि जांभळा हात मांडीवर उताणा ठेवून अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.